सगळ्यांच्या वतीने

प्रिय धाकट्या,

एका घोर अन्यायाची नोंद व्हावी म्हणून हे पत्र. आपल्या ऑफिसातल्या पाण्याच्या यंत्राचा नळ गुडघ्याएवढ्या उंचीवर आहे, बाटली भरायला कमरेत वाकावं लागतं. आणि नेमका त्याच्या वर, महिनाभरापासून, बक्षीस घेतानाचा तुझा फोटो. दिवसातून सहा वेळा मी सख्ख्या धाकट्या भावापुढे लवतो. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय, म्हणजे सुटकाही नाही.

ज्या कल्पनेला ते बक्षीस मिळालं, ती साहेबांनी मला अर्धा तास समजावली, जणू मी टपालखात्यातून आलोय. धावत्या बसमध्ये पन्नास फोन असतात. एका टॉवरची हद्द संपून दुसऱ्याची लागली की पन्नासही एकदम ओरडतात, मी आलो, मी आलो. टॉवर बिचारा हजेरी घेण्यातच दमतो. त्यापेक्षा बसच्या टपावर एक डबा बसवायचा आणि सगळ्यांच्या वतीने त्यानेच एकदा सांगायचं. सोपं आहे. इतकं सोपं, की ते मला का सुचलं नाही या विचाराने माझी झोप उडाली. वर भाषणात तू म्हणालास, आमच्या घरी एकजण सगळ्यांच्या वतीने सांगायचा. एकजण! त्या एकजणाने तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

लहानपणी बसने गावाला जाताना बाबा पुढच्या सीटवरून प्रत्येक थांब्याला आपल्या चौघांची नावं पुकारत आणि चौघं चार सुरांत ओरडत. शेवटी ते वैतागून म्हणाले, एकानेच सांगा रे. थोरला म्हणून ते काम माझ्याकडे आलं. एकदा, मागे वळूनही न बघता, मी सांगितलं, सगळे आहोत. बस सुटली. तू नळावर होतास, माझीच बाटली भरायला मी तुला पाठवलं होतं. पुढच्या थांब्यावर कुणा स्कूटरवाल्याने तुला आणून सोडलं, एका पायात चप्पल, हातात बाटली, भरलेली. बाबांना तू म्हणालास, मीच न सांगता उतरलो. ताईला आजही तेच खरं वाटतं.

आता डब्याच्या चाचणीचं. घरचाच माणूस जास्त कडक तपासेल, म्हणून साहेबांनी ती मला दिली. साहेबांना घर कशाला म्हणतात ते ठाऊक नसावं. मी पिशवीत चाळीस फोन घालून आठवडाभर बसमधून फिरलो. निरोप काही कमी होईनात. कसे होतील, पिशवीतले फोन मी डब्याला जोडलेच नव्हते, ते आपापले ओरडत होते. ही चूक पहिल्या दिवसाची. दुसऱ्या दिवशी ती माझ्या लक्षात आली. तिसऱ्या दिवसापासून तिला चूक म्हणता येणार नाही. अहवालात मी लिहिलं, अपेक्षित फायदा दिसत नाही. तो वाचून गुरुवारच्या बैठकीत तुझा डबा अडगळीत जाणार आणि तू परत तक्रारींच्या टेबलावर. खरं सांगतो, अहवाल दिला त्या दिवशी मला जेवण छान गेलं.

काल, आणखी काही खोट सापडते का म्हणून, तुझा आराखडा पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. बाविसाव्या पानावर एक कलम आहे. टॉवरला कळवण्याआधी डब्याने प्रत्येक फोन खरोखर बसमध्ये आहे का ते पाहावं. मागे राहिलेल्याच्या वतीने बोलू नये. साहेबांना ते उगीच वाटतं. ते कुठून आलं हे आपल्या दोघांनाच माहीत. समोर बसून बोललो असतो तर मी विनोद करून सुटलो असतो, म्हणून लिहितोय. आज सकाळी फोन जोडून पुन्हा फेरी मारली. चाळीसांच्या जागी एक निरोप गेला, दर वेळी एकच. आधीचा अहवाल चुकीचा होता आणि का, हे साहेबांना लिहून दिलं आहे, खाली माझी सही आहे. तुझ्या टेबलावर एक बाटली ठेवली आहे. भरलेली आहे. ती भरताना फोटोकडे नीट पाहिलं. टाय वाकडा आहे तुझा.

तुझाच, मागे वळून बघणारा,
दादा