तुमचा खुराक, माझं पोट

अप्पा, तुमचा तो मोठा स्टीलचा ग्लास अजून घरात आहे, आणि सध्या सगळी भानगड त्याच्यावरूनच चालूय. मी आत्ता दिंडोरीत द्राक्षाच्या पॅकिंगवाल्याकडे पिकअप लावून बसलोय. माल भरायला वेळ आहे, पोरं चहाला गेलीत, आणि मला एका जागी बसवत नाय हे तुम्हाला माहितीच आहे. शाळेत सरांनी तुम्हाला बोलावून विचारलं होतं, ह्याच्या चड्डीत मुंग्या आहेत का? तुम्ही म्हणालात, "असत्या तर एव्हाना त्याही पळाल्या असत्या, सर." म्हणून मोबाईलवर हे टाईप करतोय. पाठवायचं कुठं ते नंतर बघू.

बातमी अशी की तुमचा पोरगा जाड झालाय. थोडाफार नाय, लय. दिवसभर स्टेअरिंगवर बसायचं, मार्केटला वडापाव, घरी आल्यावर आई. कळलं कसं ते ऐका. आपल्या गल्लीतले कोपऱ्यावरचे काका आठवतात ना, ते अजून तसेच काटक आहेत. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत मी रबरी साप ठेवला. भारी झालं! काका असे नाचले की अख्खी गल्ली गॅलरीत. मग ते माझ्या मागे धावले. आधीचा मी असतो तर एका दमात गंगेवर, गोदाकाठी पोचलो असतो. ह्या वेळी लाईटच्या दुसऱ्या खांबालाच मिठी मारली. छातीत भाता चालू, डोळ्यापुढे काजवे. काकांनी कॉलर धरली, हात उगारला, आणि माझं तोंड बघून खालीच घेतला. म्हणाले, "बस, बस खाली. पाणी पी. तुला काय झालं तर तुझ्या आईला परत मी सांगायला जाऊ का? एकदा गेलोय मी." तालमीच्या ओट्यावर तुम्ही बसल्या बसल्या कलंडलात ते उठलाच नाय, तेव्हा घरी सांगायला तेच आले होते. मी नववीत होतो. काकांनी मारलं असतं तर बरं झालं असतं, अप्पा.

मग मी पेटलो. सगळं बंद. काकडी, लिंबूपाणी, परत काकडी. सुरुवातीला वजनाचा काटा असा पळाला की मी काट्याचाच मुका घ्यायचा राहिलो. मग तो जो अडकला तो हलेचना. खातोय चिमणीएवढं आणि काटा जागच्या जागी. डोकं एवढं तापायचं की सिग्नलवर कोणी नुसतं बघितलं तरी मी काच खाली करून विचारायचो, काय आहे? एक दिवस म्हसरूळच्या पुढे हातपाय गार पडले, रस्ता लांब लांब जायला लागला. गाडी कडेला घेतली आणि सरळ डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर बाई आहेत, तरण्या आहेत, तोंडाने फटकळ. म्हणाल्या, "उपास करून स्वतःलाच फसवताय तुम्ही. शरीराला वाटतं दुष्काळ पडला, ते जपून खर्च करायला लागतं. चरबीबरोबर अंगातलं मांसही जातं. मग जाळणार कोण?"

मी म्हटलं, "मॅडम, मी ड्रायव्हर आहे, जरा गाडीच्या भाषेत सांगा." त्या हसल्या. म्हणाल्या, गाडी चालू ठेवून नुसती उभी केली तरी इंजिन डिझेल खातं ना? तसं झोपलेलं माणूसही जाळत असतं. इंजिन मोठं तर जास्त, बारीक तर कमी. उपाशी राहून तुम्ही इंजिनच बारीक करताय. रोज लागतं त्यापेक्षा थोडंसंच कमी खा, डाळ, अंडी, मटकी पोटभर, तूप-साखर बेताने, रोज चाला, आठवड्यातून काही दिवस वजन उचला, झोप काढा. हळूहळू उतरेल. आणि उतरल्यावर पहिल्यासारखं खायला लागलात तर परत चढेल, कारण हलक्या गाडीला डिझेल कमीच लागतं.

अप्पा, मी तिथं खुर्चीत बसलोय आणि मला तुम्ही दिसताय. दवाखान्यात नाय, तालमीत. मी लहान आहे, तुमच्या डब्यातले भिजवलेले बदाम सोलून तोंडात टाकतोय, आणि तुम्ही लांबून ओरडताय, "ए! ज्याने माती उकरली नाय, त्याने बदामाला हात लावायचा नाय!" मग माझ्या हातात तो फावडा, माझ्यापेक्षा उंच. लाल माती, तिच्यात कालवलेल्या ताकाचा आणि लिंबाचा वास, तळहाताला फोड. तेवढं उकरल्यावर तुम्ही मला मोजून नाय, मूठभर बदाम दिलेत. आधी घाम, मग खुराक. डॉक्टरबाई गाडीच्या भाषेत जे सांगत होत्या ते तुम्ही मला फावड्याने शिकवलं होतं. मग गुडघा गेल्यावर स्वतःला का नाय लावलंत ते? जोर गेले, बैठका गेल्या, माती गेली. ग्लास तेवढाच राहिला. बदाम, दूध, वर तुपाची धार. तुम्ही नुसते ओट्यावर बसून पोरांना डाव सांगायचात आणि घरी येऊन लढून आल्यासारखं जेवायचात. तालमीतले सगळेच तसे, म्हणा. खुराक तुटला की लोक म्हणतात पैलवान संपला. म्हणून अंग संपलं तरी खुराक चालू.

हे माझ्या डोक्यात बसलं तेव्हापासून मला चैन नाय. कारण तो ग्लास रोज कोण भरायचं? आईच ना. आता ती माझ्यासाठी भरते. तसाच, काठोकाठ. मी एकदा नको म्हटलं तर म्हणाली, "तुझ्या बापाने कधी ताटाला नाय म्हटलं नाय." माझ्या जिभेवर आलं होतं, म्हणूनच तर लवकर गेले. गिळलं. परत नको म्हटलं तर तोच विषय निघणार, म्हणून ग्लास घेऊन गॅलरीत जायचो आणि खालच्या पत्र्यावर बसलेल्या बोक्याला पाजायचो. आई रोज विचारायची, "डॉक्टरीण काय म्हणाली रे?" मी म्हणायचो, "म्हणाली पोरगा देखणा आहे." खरं सांगितलं असतं तर तिने हिशोब लावला असता. तिला तुमच्या शेवटच्या वर्षांतला एकेक घास आठवतो, अप्पा. ती लगेच दोषी स्वतःला धरणार.

पण बोका फुगला ना. एवढा फुगला की पत्र्यावरून गॅलरीत उडी मारायला गेला आणि मधल्या मध्ये लटकला. आई धुणं वाळत घालत होती. त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "ह्याला कोणत्या तालमीत घातलंय?"

मी म्हटलं, "बहुतेक पोटुशी आहे."

"बोका आहे तो, शहाण्या. इकडं ये. बस. माझं दूध ह्याच्या पोटात घालतोस होय?"

मग काय, सांगितलं. काकडीपासून इंजिनापर्यंत. तुमचं नाव काढलं नाय. तिने बादलीतला टॉवेल उचलून पिळला. मग म्हणाली, "हे मला नवीन नाय. गुडघा गेला तेव्हाच डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, वहिनी, आता ह्यांचं खाणं कमी करा. केलं मी. तुपाची धार चमच्यावर आणली. पहिल्याच दिवशी ह्यांनी ताट सरकवलं. म्हणाले, मी मेलो का अजून? दोन्ही वेळा उपाशी राहिले. मग मी परत ओतलं." टॉवेल पिळलेला होता तरी ती परत पिळायला लागली. "अजून भांडायला पाहिजे होतं का रे मी?"

म्हणजे हे तिच्याजवळ आधीपासूनच होतं. मी बोक्याला पाजून काय लपवत होतो?

ह्याला उत्तर तुम्ही द्यायचं होतं, अप्पा. मी नाय. मला तर तेव्हा तुमचा असा राग आला होता की तुम्ही समोर असता तर तुमच्या डिकीत खरा साप ठेवला असता. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि मला गंमत करता येईना, गप्पही बसवेना. मग तोंडातून निघून गेलं. म्हटलं, "अप्पा मला बोलले होते एकदा. गाडीवर. म्हणाले, तुझी आई बरोबर सांगते, तिचं काय चुकत नाय, मीच ऐकत नाय."

आई म्हणाली, "हे? असं म्हणाले?"

"हो."

"शप्पथ?"

"अप्पांची शप्पथ." तिची घेतली नाय. तुमचं आता काय वाकडं होणार आहे?

"मग मला का नाय म्हणाले कधी?"

"तुला म्हटलं असतं तर तू डोक्यावर बसली असतीस."

ती हसली. तोंडाला टॉवेल लावून, पण हसली. संध्याकाळी जेवण झाल्यावर ग्लास आला तो अर्धा, आणि साय काढलेली. शेजारी वाटीत मोड आलेली मटकी. म्हणाली, "सकाळी माती उकरायला जाणार असशील तर बदाम भिजत घालते. नायतर नाय." मी जातोय, अप्पा. फावडा आता मला उंचीला बरोबर बसतो, पण कंबर मोडते आणि बारकी पोरं हसतात. पोट अजून आहे, थोडं ढिलं पडलंय. बोका मात्र रोज गॅलरीखाली येऊन मला शिव्या देतो.

पोरं आली, माल भरून झाला, हाका मारतायत. हे कुठं पाठवणार नायच आहे, आणि आईच्या हाती लागायला नको म्हणून घरी पोचायच्या आत पुसून टाकीन. फक्त एवढं ध्यानात ठेवा. गाडीवर तुम्ही मला तसं काही म्हणाला नव्हतात. त्या दिवशी तुम्ही भेळ कुठं चांगली मिळते तेच सांगत होतात. पण आई कधी तिकडं भेटली आणि तिने विचारलं, तर "हो, म्हणालो होतो" एवढंच म्हणा. आणि हसू नका, पकडले जाल.