स्की, काठी आणि शांत डोकं

८ जानेवारी
रँगहिल्ड ट्रॉन्हाइमला बहिणीकडे निघून गेली. कारण काय, तर मी शेजारच्या उल्फचं बर्फ काढायचं मशीन फावड्याने फोडलं. त्याने आमच्या दारात बर्फ लोटला होता, ते कोणी बोलत नाही. महिनाभर कुणावर हात उचलला नाहीस तर परत येईन म्हणाली. सदतीस वर्षांचा संसार, आणि वर अट!

९ जानेवारी
डॉक्टरीणबाईंनी रागावर गोळ्या दिल्याच नाहीत. रोज तासभर स्की कर म्हणाल्या. मेंदूला रक्त पोचतं, झोप लागते, डोकं ताळ्यावर राहतं. उद्यापासून सुरू.

१२ जानेवारी
उणे सतरा. मेंदूच गोठला तर काय उपयोग? उद्या नक्की.

१५ जानेवारी, सकाळी ९
सहा किलोमीटर! मन एकदम प्रसन्न. गावातली माणसं पहाटे उठून बर्फात स्कीसाठी सरळ चर पाडतात, आणि एक महाभाग त्यातून कुत्रा घेऊन चालत होता. चरांचा पार चुथडा. चांगल्या शब्दांत सांगितलं. रस्ता काय तुझ्या बापाचा, म्हणाला. मग त्याची टोपी झाडावर फेकली. हात उचलला नाही.

२३ जानेवारी
तोच पुन्हा. या वेळी पोटरीवर स्कीची काठी हाणली. कळवळून खाली बसला. काठी म्हणजे हात नव्हे. रात्री झोप छान लागली. व्यायामाचा गुण येतोय.

३ फेब्रुवारी
रँगहिल्डचा फोन. आवाज शांत वाटतोय म्हणाली. व्यायाम गं, मी म्हटलं. शनिवारी येते म्हणाली. फोन ठेवून स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडलो. तिच्याशिवाय घर खायला उठतं.

६ फेब्रुवारी
घर पुसलं. वॅफलचं पीठ आणलं. स्कीला मेण लावलं. मी बदललोय, कुणीही सांगेल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
उतारावरून येताना पुढे निळा कोट दिसला. पिशवी घेऊन ऐन चरातून चाललेला. ओरडलो. कानावर टोपी, ऐकू गेलं नाही. काठी पाठीत घातली. मग खांद्यावर. तो तोंडावर आपटला. लाथ घालायला स्की काढत होतो, तेवढ्यात चेहरा वळला.

रँगहिल्ड. एक दिवस आधीच आली होती. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून तिला स्की जमत नाही, म्हणून मला स्कीच्या वाटेवरच गाठायला चालत निघाली. कोट नवा. पुढचा दात तुटलेला, बर्फावर रक्त, पिशवीतला कोको सांडलेला.

"मला माहीत नव्हतं गं, तू आहेस ते."

तिने बाहीने तोंड पुसलं. "दुसरं कोणी असतं तर?"

मदतीला आलेले बर्फगाडीवाले तिला दवाखान्यात घेऊन गेले. मनगट मोडलंय. मला सोबत बसू दिलं नाही. तिनेच सांगितलं तसं.

संध्याकाळी ६
दोन पोलीस खाली स्वयंपाकघरात बसलेत. कपडे बदलायला वेळ दिलाय. चूक कुणाची, ते नीट लिहून ठेवावं म्हणून वही उघडली. उल्फचं नाव लिहिलं, खोडलं. कुत्रेवाल्याचं तर नावही माहीत नाही. खालून हाका मारतायत.