उपाशी पोटी उत्तर नको

प्रिय अक्का,

आज तुझा डब्यांचा ग्रुप बंदच करायला बसले होते. बोट उचललं आणि तू आठवलीस, म्हणून हे लिहितेय.

तू गेलीस आणि ग्रुप माझ्या पदरात पडला. विचारलंस तरी का गं मला? वाटलं होतं, दवाखान्यातल्या पेशंटांच्या माणसांना घरचं जेवण पोचवायचं, त्यात काय एवढं! स्वयंपाक सोपा आहे, अक्का. मेसेज वाचणं कठीण.

परवा पाळ्या लावताना चुकले. डबे गेले दवाखान्याच्या मागच्या दाराशी आणि विनय पुढच्या दाराशी ताटकळत. विनय म्हणजे आपले डबे आत वाटणारा, पुण्याहून इथे म्हैसूरला आलेला, कडकोळच्या कारखान्यात आहे तो. त्यानं ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहिलं, "म्हाताऱ्यांना फोन झेपत नसेल तर चूल सांभाळावी. आमचा वेळ फुकटचा नाही."

नजरबादची सरोजा त्याच्यावर तुटून पडली. त्यानं तिलाही सोडलं नाही. आज सकाळी सरोजा आणि तिची जाऊ, दोघी म्हणाल्या, उद्यापासून आम्ही नाही. दोन चुली विझल्या तर डबे आणू कुठून?

मीही उत्तर लिहिलं होतं, शब्दन् शब्द मिरचीत बुडवून. पण तू म्हणायचीस ना, "आधी जेव, मग फोन कर. रागाचं लिहू नकोस." झालं, गार सारू-भात चार घास गिळला आणि विनयला फोन लावला. आपल्या म्हैसूरच्या रीतीनं पहिलं तेच विचारलं, "ऊट आयता? जेवलास का रे?"

तो म्हणाला, "नाही, काकू. परवाही राहिलंच होतं."

"चूक माझी, विनय. पण चुलीचं बोललास ते सरोजाला लागलं. तू वाटतोस ते डबे तिच्याच चुलीवरून येतात."

माफी नाही मागितली हं. जुना मेसेज काढून नवा टाकला. त्यात चुलीचं काही नव्हतं, वेळेची तक्रार मात्र होती. असू दे, तेवढं खरंच होतं. सरोजानं खाली एवढंच लिहिलं, "उद्याचे डबे माझे." जाऊ अजून फुगलेलीच आहे.

थकलेय गं. दर चार दिवसांनी कुणाची तरी समजूत काढायची! तरी शब्द देते, ग्रुप चालवीन. पण दर गुरुवारी सगळं सरोजाच्या गळ्यात आणि मला सुट्टी. तू कधी घेतली नाहीस, ते तुझं चुकलंच.

आत्ता पुन्हा फोन वाजला. वाजू दे. आधी ताट वाढून घेते.

तुझी धाकटी,
चंपा