लाल दोऱ्याचा पेरू आणि माझी मिळकत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सदुसष्ट, धंदा टेबलावर वस्तू मांडून त्यांचे फोटो काढणे, बाजारातली ओळख टेबलवाले, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हे माझं एकट्याचं मत नाही. वकीलसाहेबांनी मला आजची तारीख, वार आणि बायकोचं वय विचारून खात्री करून घेतली. तिसऱ्या उत्तराला बायकोची हरकत आहे, पण ती त्यांनी नोंदवली नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. येत्या बुधवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं काही कारण नाही, दोन महिन्यांत कामाला लागाल, आणि त्याच दमात म्हणतात की कागदपत्रं उरकून घ्या. तेव्हा यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती दोन्ही मी मेव्हण्यावर चिडून लिहिली होती.

मेव्हणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. सव्वीस वर्षं तो माझ्या स्टुडिओत मांडणी करतो आणि मी फोटो काढतो. त्यातली शेवटची नऊ वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. कामात खंड नाही, फक्त बोलणं बंद. दिवा जरा डावीकडे हवा होता, असं मी फुलदाणीला सांगतो. तो दिवा हलवतो आणि आता पुरे, असं बशीला सांगतो. माझ्यामागे हा स्टुडिओ चालवील असा तोच एक माणूस आहे, आणि मी दिला तर तो घेईल की तोंडावर फेकेल, हे मला खरंच ठाऊक नाही. सगळा खटाटोप त्यासाठी आहे. बाकीची कलमं आधी उरकतो.

कलम पहिले. राहतं घर, आतल्या सामानासकट, माझ्या बायकोला. फ्रीजचा खालचा कप्पाही आजपासून तिचा. लग्न झाल्यापासून त्या कप्प्यात 'हात लावू नये' अशी चिठ्ठी लावलेली द्राक्षं, केक आणि एकदा तर महिनाभर एक मासा होता. त्या बाईने स्वतःच्या घरात टोमॅटो घेतानासुद्धा मला विचारलं आहे. यापुढे तिने वाटेल तो डबा उघडावा आणि वाटेल ते खावं. तिचे उपकार फेडणं या कागदात बसणारं नाही, म्हणून इथे एवढंच लिहितो.

कलम दुसरे. बँकेतल्या ठेवी मुलीला. माझी विद्या ती शिकली नाही, याबद्दल माझी तक्रार होती ती मी मागे घेतो. ती जेवायला बसली की फोन काढून दोन सेकंदांत ताटाचा फोटो घेते, आणि तो चांगला येतो. मला त्याच कामाला दोन दिवस लागतात. मला तिचा हेवा वाटतो, पण हे तिला मी जिवंत असेपर्यंत कळू नये.

कलम तिसरे. माझा ट्रायपॉड चौदा वर्षांपूर्वी चुलतभाऊ दोन दिवसांसाठी घेऊन गेला. सध्या त्यावर त्याचे पायमोजे वाळतात, हे मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं आहे. तो ट्रायपॉड मी त्याला कायमचा देत आहे. कॅमेरा बसवायचा वरचा भाग मात्र माझ्याकडे आहे, आणि तो त्याला कोणत्याही परिस्थितीत मिळणार नाही.

कलम चौथे. धंद्यातली गुपितं. जो कोणी स्टुडिओ घेईल त्याच्यासाठी ती लिहून ठेवतो, कारण माझी बायको म्हणते की मी ती पोटात घेऊन जाईन. फोटोतलं दूध हे दूध नसून पांढरा गोंद असतो, म्हणजे वर ठेवलेली फळं बुडत नाहीत. आइस्क्रीम म्हणजे रंग घातलेला उकडलेला बटाटा. गरम चहाची वाफ कपामागे लपवलेल्या ओल्या तापलेल्या कापसाची. द्राक्षावरचं दव ग्लिसरीनचं, तेही सुईने एकेक थेंब. सूपमधल्या भाज्या वर दिसाव्यात म्हणून तळाशी काचेच्या गोट्या घालाव्यात, आणि घातल्यावर वाटीजवळ कोणाला फिरकू देऊ नये. एका सूप कंपनीचे मालक मी हां हां म्हणेपर्यंत चमचा भरून मोकळे झाले होते. त्यांची दाढ तळमजल्यावरच्या दंतवैद्यीणबाईंनी काढली. तेव्हापासून आमच्याकडे कोणी गिऱ्हाईक जिना चढू लागलं की बाई दारात येऊन आशेने बघतात.

कलम पाचवे. आता पेरू.

आमच्याकडे एक रीत आहे. फोटोत पेरू एकच दिसणार असला तरी पेटीभर आणायचे आणि त्यातला सगळ्यात देखणा निवडायचा. त्याला आम्ही नवरदेव म्हणतो. दिवे लावायला दोन-अडीच तास जातात. तेवढा वेळ नवरदेवाला उष्णतेत बसवलं तर तो सुकतो, म्हणून त्याच्या जागी त्याच्याच अंगकाठीचा दुसरा बसवतात. तो करवला. गफलत नको म्हणून मेव्हणा करवल्याच्या देठाला लाल दोरा बांधतो. दिवे लागले की नवरदेव येतो, करवला उठतो, आणि तो खायचा मान मेव्हण्याचा. सतरा वर्षांत त्याने याखेरीज टेबलावरचा कण तोंडात टाकला नव्हता.

त्या दिवशी बशा बनवणाऱ्या एका कंपनीचं काम होतं. राखाडी बशी, त्यात पेरू. दिवे लागले आणि मेव्हणा खाली चहाला गेला. मी कॅमेऱ्यातून पाहिलं तर करवलाच जास्त रुबाबदार दिसत होता. कमरेत किंचित झुकलेला, जरा मिजासखोर. मी एकट्याने ठरवलं की हाच नवरदेव. दोरा सोडणार तेवढ्यात कंपनीच्या बाईंचा वाटेतून फोन आला, आणि मी खिडकीशी जाऊन बोलत बसलो. मेव्हणा चहा पिऊन आला, दिवे लागलेले पाहिले, दोरा पाहिला, दोरा सोडून खाली टाकला आणि रीतीप्रमाणे पेरूचा भलामोठा घास घेतला.

मी वळलो आणि असा ओरडलो की दंतवैद्यीणबाई वर आल्या. कंपनीच्या बाईही त्याच वेळी दारात पोचल्या. सगळ्यांसमोर मी त्याला आंधळा म्हणालो, खादाड म्हणालो, बहिणीच्या जिवावर जगणारा म्हणालो. तो एवढंच म्हणत राहिला की दोरा होता. मी म्हणालो, "कुठाय दोरा? दाखव."

दोरा माझ्या मुठीत होता. बायका वर पोचण्याआधीच मी तो जमिनीवरून उचलला होता. नऊ वर्षांत हे मी पहिल्यांदा लिहितो आहे, आणि मला याची लाज वाटते.

त्यानंतर, काम का खोळंबलं याचा पुरावा म्हणून, मी तो उष्टा पेरू बशीत ठेवून रागारागाने एक फोटो काढला. आतला गर गुलाबी निघाला होता. कंपनीच्या बाईंना तोच आवडला. तो कॅटलॉगच्या पहिल्या पानावर गेला, मग प्रदर्शनात गेला, मग त्याला बक्षीस मिळालं. एका समीक्षकाने लिहिलं की या घासात माणसाची अपुरी भूक दिसते. भूक मेव्हण्याची होती, आणि अपुरी राहिली कारण मी मध्येच ओरडलो. बक्षीस घेताना मी माइकसमोर सांगितलं की तो घास कसा असावा यावर मी अनेक दिवस विचार केला होता. मेव्हणा दुसऱ्या रांगेत बहिणीशेजारी बसला होता. पेरूच्या दिवसानंतरही तो माझ्याशी हो-नाही एवढं बोलत होता. त्या भाषणानंतर तेही थांबलं.

कलम सहावे. स्टुडिओ, उत्तरेची खिडकी, मोठं टेबल, सगळे दिवे, कॅमेरे, एकशे बारा बशा आणि आमचं सगळं बोलणं ऐकून घेतलेली फुलदाणी, हे सर्व मेव्हण्याला. त्या फोटोखाली यापुढे दोन नावं यावीत, आणि पहिलं त्याचं असावं. त्याने हे नाकारलं तर दोष त्याचा धरू नये. नाकारू नये, अशी माझी विनंती आहे.

जोडकलम. वरचा मजकूर काल रात्री लिहून झाला होता. आज सकाळी बायकोने तो वाचला. ती म्हणाली, "मेल्यावर कबूल करणार? मग त्याने भांडायचं कोणाशी?"

म्हणून दुपारी मी स्टुडिओत गेलो आणि पाचवं कलम मोठ्याने वाचलं. फुलदाणीला नाही, त्याला. तो काचेचा पेला पुसत होता, पुसायचा थांबला. मी दोरा टेबलावर ठेवला. त्याने तो उचलला, बोटाला गुंडाळला, सोडला. मग नऊ वर्षांनी थेट माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "दुसरा पेरू कुठे गेला?"

मी म्हणालो, "संध्याकाळी मी खाल्ला. फ्रीजसमोर उभ्याने."

"कसा होता?"

"पिठूळ."

"माझा गोड होता," तो म्हणाला.

मग मला रडू आलं, आणि त्याने मला ग्लिसरीनचे डाग पुसायचं फडकं दिलं. सहाव्या कलमाबद्दल तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. कागद मागितला, पूर्ण वाचला आणि पेन मागितलं. सहीसाठी आलेल्या वकीलसाहेबांनी सांगितलं की ज्याला मिळकत मिळायची आहे त्याला साक्षीदार होता येत नाही. तो म्हणाला की साक्ष द्यायची नाही, एक ओळ लिहायची आहे. कायद्यात बसत नसली तरी ती मी खाली राहू दिली आहे.

हे मी पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने, स्वतःच्या हाताने लिहिलं आणि खालील दोघांसमोर सही केली.

सही: टेबलवाले

साक्षीदार पहिली: तळमजल्यावरची दंतवैद्यीण. (सही करणाऱ्याचे दात व बुद्धी दोन्ही शाबूत असल्याचे पाहिले.)

साक्षीदार दुसरा: फोटोंच्या चौकटी करून देणारा सुतार.

ठिकाण: स्टुडिओ, मोठं टेबल. वार: मंगळवार, दुपारी चार.

(खालची ओळ वेगळ्या अक्षरात)

वाचलं. स्टुडिओ आत्ता घेत नाही. दोन महिन्यांनंतरच्या सोमवारी साडेनऊला मांडणी करून आणि दिवे लावून ठेवतो. उशीर करू नका, भाऊजी.