डोंगराच्या बहिणीचं नाव

ती. मामा आणि मामी यांस,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरल्यामुळे नमस्कार खुर्चीत बसूनच केला आहे, पण मनाने पूर्ण आडवा पडलो आहे असं समजावं.) तुमच्या गुडघ्याला नव्या पट्ट्याने आराम पडला का? मामींची कवळी नीट बसली, की ती अजून पेल्यातच मुक्काम करून आहे? इकडे सगळे ठीक आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. बाळ-बाळंतीण खरोखरच ठणठणीत आहेत. बाकीच्यांची खात्री देत नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे असं माझं मत आहे. आमच्या साहेबांचं तसं नाही, आणि त्याचं कारण पुढे येईलच.

मामा, मुलगी तीन महिन्यांची होत आली आणि तिला अजून नाव नाही. आम्ही तिला धाकटी म्हणतो, खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई 'ए बाई' म्हणतात, आणि दवाखान्यात लस टोचायला नेलं की नर्सबाई थोरल्याचं नाव घेऊन त्याची बहीण कुठाय म्हणून पुकारतात. एवढंसं पोर खांद्यावर घेऊन मी त्या हाकेला उठतो तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तुम्ही विचाराल, तीन महिने काय करत होतात? तेच सांगायला बसलोय. पण आधीच सांगतो, यात मोठा वाटा तुमचा आहे. पाच वर्षांपूर्वी थोरला झाला तेव्हा, जन्मभर जमीन मोजलेल्या माणसाच्या अधिकाराने तुम्ही फर्मावलंत की पोराला डोंगराचं नाव द्यायचं. डोंगरही असा शोधून काढलात की जो तुम्ही आणि तुमची साखळी धरणारा गडी सोडून कोणाच्या बापाने पाहिलेला नाही. नाव चांगलं आहे, भारदस्त आहे, गावात दुसऱ्या कुणाचं नाही. (थोरला वर्गात सगळ्यांत बुटका निघाला, त्यामुळे 'नाव मोठं लक्षण खोटं' हे त्याला अधूनमधून ऐकावं लागतं, पण तो मनावर घेत नाही.) मात्र उद्या डोंगराच्या शेजारी कुणाला उभं करायचं झालं तर काय, हा विचार तुम्ही केला नाहीत. आम्हीही केला नाही. आणि भावंडांची नावं एकमेकांना शोभलीच पाहिजेत असा आमच्या घरात ठराव झालेला आहे. तो कुणी मांडला हे आता कुणीच कबूल करत नाही.

आईने, म्हणजे तुमच्या बहिणीने, पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं की डोंगराची बहीण नदीच असणार, यात विचार करायचाय काय. त्यावर सौ. म्हणाली, नदी डोंगरातून निघते ती परत येत नाही. पोर अजून कुशीवर वळलं नाही आणि तुम्ही तिला घराबाहेर काढायला निघालात. मग सासूबाईंनी फुलाचं नाव काढलं. आई म्हणाली, डोंगरावरचं फूल बघायला जातंय कोण? सासरे वर्षातून एकदाच बोलतात, ते यंदा बोलले आणि ढग म्हणाले. ढग डोंगराच्या डोक्यावर बसतो, आणि धाकटी तशीही सगळ्यांच्या डोक्यावर बसलीच आहे, म्हणून मला ते पटलं होतं. पण सासूबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की आता ते पुढच्या वर्षीच बोलतील. घरमालकीणबाईंनी जिन्यावरूनच दरी सुचवली, कारण म्हणे डोंगर तिथे दरी असतेच. त्यांच्याशी आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं. (प्रत्यक्षातली नावं मी इथे मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही लगेच एखाद्याची बाजू घ्याल आणि आईला फोन कराल, आणि मग इथे मला जेवण वाढायला कुणी उरणार नाही.)

सौ. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिला दुसरी रीत माहीत नाही. ती मला खुर्चीत बसवायची, थोरल्याच्या नावापुढे एक नाव उच्चारायची आणि विचारायची, हे बरं, की हे? पुन्हा सांगते, पहिलं, की दुसरं? आता फरक वाटतो का? सहाव्या-सातव्या जोडीनंतर मला सगळी नावं सारखीच वाटायची, आणि तसं म्हटलं की ती सुस्कारा टाकून सांगायची, ताण येतोय तुमच्यावर, थोडा वेळ डोळे मिटा. मी डोळे मिटायचो आणि घोरायला लागायचो. असं ते भिजत घोंगडं पडलं.

माझं म्हणणं वेगळं होतं. नाव हे हाक मारायला असतं. दोन पोरं भर रस्त्यात दोन दिशांना पळाली तर एका दमात दोघांना परत आणता आलं पाहिजे. आता मी बसस्थानकावर सूचना सांगणारा माणूस. फलाट बदलला, बस उशिरा सुटणार, कुणाची छत्री सापडली, हे दिवसभर कर्ण्यातून ओरडणं हाच माझा धंदा. नावाची पारख करायला माझ्या माइकपेक्षा चांगली जागा जगात नाही, असं मला वाटलं. म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण. दुपारी जेवणं उरकली की आमचं स्थानक पेंगतं. तशा वेळी मी माइक सुरू केला, घसा साफ केला, आणि थोरल्याचं नाव, त्यापाठोपाठ ढगाचं नाव घेऊन दोघांनी जिथे असाल तिथून चौकशीच्या खिडकीपाशी यावं, असं सांगितलं. कुणी आलं नाही. ढगाचं नाव कर्ण्यातून खोकल्यासारखं निघालं, म्हणून ते बाद केलं. दुसऱ्या दिवशी फुलाचं घेतलं. तर त्या नावाची एक कंडक्टरबाई भरलेली बस तशीच सोडून, तिकिटाच्या मशीनसकट धावत आली. घरून काही वाईट बातमी आली असं तिला वाटलं होतं. मी काही नाही म्हटल्यावर तिने मला जे सुनावलं ते माइक चालू असल्यामुळे सगळ्या फलाटांवर ऐकू गेलं. तिकडे ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, उतारू खिडक्यांतून माना काढून ऐकतायत, आणि मी माइकचं बटण शोधतोय.

एवढ्यावर शहाण्याने थांबायला हवं होतं. पण आईची नदी राहिली होती, आणि ती न तपासता घरी गेलो असतो तर आईने पक्षपात केला म्हटलं असतं. म्हणून तिसऱ्या दिवशी नदीही पुकारली. मामा, नदीच्या नावाच्या बायका किती असतात याचा तुम्ही कधी हिशेब केलाय का? नुसत्या त्या स्थानकात पाच निघाल्या. एकीची बस चुकली. एकीला वाटलं मुलगा न्यायला आलाय, आणि तो आलेला नाही म्हटल्यावर ती माझ्यावर चिडली नाही, नुसती बाकावर जाऊन बसली, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. बाकीच्यांनी माझी यथेच्छ शोभा केली. (डोंगर मात्र एकही आला नाही. नाव दुसऱ्या कुणाचं सापडायचं नाही हे तुमचं म्हणणं खरं ठरलं, तेवढं श्रेय घ्या.)

त्यातली एक बाई मागे रेंगाळली. पन्नाशीची असेल, हातात दुरुस्त करून आणलेली इस्त्री. तिने विचारलं, म्हणून मी खरं ते सांगितलं. ती हसली, आणि मग म्हणाली, "माझंही नाव थोरल्या बहिणीला जुळवूनच ठेवलंय. जन्मात कुणी मला एकटीला हाक मारली नाही हो. आधी ती, मग मी. माझ्या लग्नात सुद्धा लोक मला विचारत होते, ती कुठाय? आज पहिल्यांदाच माझ्या नावाआधी तिच्याऐवजी दुसरं कुणाचं तरी आलं, म्हणून बघायला आले, कोण ते." एवढं बोलून ती इस्त्री सांभाळत बसकडे गेली. मला नर्सबाईंची ती हाक आठवली. माझी मुलगी जन्मभर कुणाच्या तरी नावामागून चालत येणार असेल, तर ते मला नको होतं.

साहेबांनी मला आत बोलावून विचारलं की स्थानक हे तुमचं घर आहे का. नाही म्हटलं. मग त्यांनी मला आठवडाभर माइकवरून हलवून हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं. तिथे छत्र्या आहेत, डबे आहेत, एक कुबडीही आहे (तो माणूस चालत घरी कसा गेला देव जाणे), आणि प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली आहे. माझ्या मुलीपाशी तेवढंही नाही, या विचाराने मी तिथे चांगला रडलो. बाहेरच्यांना वाटलं धुळीने शिंका येतायत.

घरी येऊन मी जाहीर केलं की आता जुळवाजुळव बंद, पोरीला तिचं स्वतःचं नाव पाहिजे. त्याने झालं एवढंच की आतापर्यंत तीन पक्ष होते ते चार झाले. रविवारी सगळे बाहेरच्या खोलीत बसले. आई नदी सोडेना, सासूबाई फूल सोडेनात, सौ. सगळ्यांना पहिलं की दुसरं विचारतेय, सासरे गप्प, आणि मी वरच्या पट्टीत, कारण मला खालची येत नाही. धाकटी घाबरून टाहो फोडायला लागली तरी कुणी थांबेना. मामा, त्या दिवशी शेंडी तुटो की पारंबी, पण नाव ठरल्याशिवाय उठायचं नाही असं मी म्हटलं होतं, आणि कळवायला आनंद वाटतो की नाव ठरलं. सगळ्यांना पसंत आहे. नाव चांगलं आहे, भारदस्त आहे. तेव्हा तुम्ही नवी नावं सुचवायची तसदी घेऊ नये, आणि त्यासाठी गुडघा दुखत असताना इकडे यायची तर मुळीच नाही. मामींना नमस्कार.

आपला त्रासलेला भाचा

ता. क. नाव काय ते लिहायचं राहिलं. ते तुम्हाला माहीत आहे. ते तुमच्याच डोंगराचं आहे. झालं असं, की आमचा आरडाओरडा चालू असताना थोरला धाकटीपाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तिच्याकडे एकपण नाहीये ना? मग माझं घ्या. माझं वापरून झालंय." आम्ही हसलो. तो हसला नाही. त्याने विचारलं, माझी झबली तिला दिलीत, दुपटी दिलीत, गाडी दिलीत, मग नाव का नाही द्यायचं? सासूबाई कशाबशा म्हणाल्या, मुलीला कुठे डोंगराचं नाव असतं का. तेव्हा सासरे या वर्षात दुसऱ्यांदा बोलले. ते म्हणाले, राहू दे. आणि धाकटी रडायची थांबलेली होती. सौ.ने मला विचारलं, हे बरं वाटतंय का? मी म्हटलं, स्पष्ट दिसतंय.

ता. क. २. आम्हाला वाटलं, पोर आहे, दोन दिवसांत विसरेल. तो विसरलेला नाही. त्याला नावाने हाक मारली की तो पाळण्याकडे बोट दाखवून ती झोपलीय म्हणतो. शाळेत बाईंनी हजेरीला नाव पुकारलं तर समोरच बसून, ती घरी आहे, असं सांगतो. आठवडाभर त्याची गैरहजेरी लागली आहे, आणि तो रोज शाळेत जातो आहे. दिलेली वस्तू परत घेत नाहीत, हे आम्हीच त्याला शिकवलेलं, त्यामुळे रागवायचीही सोय नाही. आणि खरं सांगू का, रागवावंसं वाटतही नाही.

ता. क. ३. तेव्हा वर तसदी घेऊ नये असं लिहिलंय ते रद्द समजा. थोरल्यासाठी एक नाव हवं आहे. त्याचं म्हणणं, पहिलं मामाआजोबांनी दिलं, तर दुसरंही तेच देतील, त्यांच्याकडे पुष्कळ असतात. अट एकच, धाकटीला शोभलं पाहिजे. गुडघा थोडा बरा असेल तर स्वतःच या. घाई मात्र नाही. मी त्याला म्हटलं, नाव येईपर्यंत तुझं कसं व्हायचं रे? तर म्हणाला, चालतं तेवढं, तिने नाही का काढले दिवस.