गेटसभेत दिसलेलं वाक्य

प्रिय बाबा,

उद्या तुमच्या माघारी तुमचं पुण्यानुमोदन. सतरंज्या आणल्या, मेणबत्त्या आणल्या, भंतेजींना पुन्हा आठवण करून आलो. सगळं दोनदा तपासलं. दुपारी निरोप आला की मिलच्या युनियनचे नेताजी येणार आहेत. तुमच्यावर दोन शब्द बोलायला.

निरोप ऐकून दादा आत गेला आणि सुरा घेऊन आला. आईला दिसेल असा नाही, मला दिसेल असा. "येऊ दे त्याला. पिक्चरचा एंड उद्या आपल्याच घरी."

म्हणून तुम्हाला लिहितोय. दुसऱ्या कोणाला विचारू?

दादा म्हणतो तो पिक्चर तुम्हाला आठवत असेल. तेलुगू, पण हिंदीत डब केलेला. बापाला मारणाऱ्या जमीनदाराला हिरो शोधत फिरतो. मिलमधल्या विणायच्या साच्यांच्या खडखडाटात तुमचे कान कधीच गेले होते. लूमखात्यात सगळे विणकर ओठांनीच बोलायचे आणि घरी आम्हीही तुमच्याशी तसंच बोलायचो. पण टॉकीजमध्ये तुम्ही वैतागलात. "अरे, हा बोलतो काय? ओठांवरून काहीच लागत नाही." मग मी तुमच्याकडे तोंड करून एकेक डायलॉग बिनआवाजाचा बोलत बसलो. मागून कोणीतरी म्हणालं, "भिया, पिक्चर उधर चल रिया है." तुम्हाला ते सांगितलं, तर किती हसलात!

बाहेर चहा पिताना मात्र गंभीर झालात. "जमीनदार मेला, पण त्यानं काय केलं ते गावाला कळलंच नाही. आता लोक त्याचा पुतळा बसवतील."

त्यानंतर मिल बंद पडली. गेटसभेत नेताजी माईकवर म्हणाले, "दिवाली के बाद भोंगा बजेगा." टाळ्या पडल्या. मग ते माईकपासून दूर होऊन मॅनेजरशी बोलायला लागले. आम्ही दोघं पुढेच होतो, पण मी टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघत होतो. तुम्ही मॅनेजरचे ओठ बघितलेत. तो म्हणत होता, "साचे विकले गेलेत, ते हलेपर्यंत यांना शांत ठेवा." नेताजी म्हणाले, "हो जाएगा."

तुम्ही तिथेच उभे राहून ते सगळ्यांना सांगितलंत. नेताजींनी माईक धरला. "लो भाई, बहरे ने सुन लिया." सभा हसली. तुम्हाला ते हसणं ऐकू आलं नाही, पण दिसलं. घरी येईपर्यंत तुम्ही माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाहीत.

दिवाळीच्या आत साचे ट्रकांत भरून गेले. भोंग्याची वाट बघत लोकांनी हातात आलेली दुसरी कामं सोडली होती. तुम्ही खरं बोलला होतात, हे सांगायला मात्र कोणी घरी आलं नाही. तुम्ही सियागंजच्या बाजारात पोती उचलायला लागलात. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न साऱ्या बाजाराला ऐकू आला. तुम्हाला नाही.

बाबा, मला तुमचाही राग येतो. एकदा हसले म्हणून कायमचं गप्प का बसलात? सभेतले निम्मे लोक विणकर होते. ओठ काय तुम्हा एकट्यालाच वाचता येत होते?

तुम्हाला स्मशानात नेलं त्या दिवशी पुंडलिककाका आले होते. तुमच्या शेजारच्या साच्यावरचे. आत आलेच नाहीत. दारातून माझ्याकडे बघितलं आणि आवाज न काढता ओठ हलवले. "मीपण पाहिलं होतं." मी पुढे जाईपर्यंत ते निघून गेले.

दादाने उद्या सुरा चालवला तर तो जेलमध्ये जाईल, आई एकटी पडेल, आणि नेताजींच्या फोटोला हार पडेल. गेटवर काय झालं ते कायमचं बुडेल. हे दादाला सांगितलं. तो म्हणाला, "मग तू काय करणार? बोलणार? चार माणसांत तुझ्या तोंडून शब्द निघत नाही."

खरं आहे. निघत नाही.

तरी वचन देतो. उद्या दादाला खेटून बसेन, सुरा आहे त्या बाजूने. नेताजींचं बोलून झालं की उभा राहीन. तुम्ही काय पाहिलं ते सांगेन आणि तिथे आलेल्या पुंडलिककाकांना सगळ्यांसमोर विचारीन, "काका, तुम्ही काय पाहिलंत? मोठ्यानं सांगा." ते खाली मान घालून बसले, तर दादाला कसं धरून ठेवायचं, मला माहीत नाही. पण आधी विचारीन.

तुमचा धाकटा,
मिलिंद