उत्तरांची वाटणी

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात घातला आहे, कारण खोलीत माझ्या लांबीएवढी मोकळी जमीन उरलेली नाही. सगळीकडे तक्ते वाळत पडले आहेत.) तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींचा राग कसा आहे? दोन्ही उतरणीला लागले असतील असं धरून पुढचं लिहितो.

तू विचारलं होतंस की अभ्यास झेपतोय का. शिक्षकाची पदवी म्हणजे पोरखेळ असं मी पंधरा वर्षं तुला चिडवत आलो, ती चूक आता पदरात घेतो. कापडाच्या दुकानात मी दिवसाला साठ गिऱ्हाइकं हसतमुखाने सांभाळली. इथे एकतीस मुलांपुढे पहिल्या दिवशी उभा राहिलो आणि सवयीने तोंडातून निघालं, "बोला ताई, काय दाखवू?" पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "निळं दाखवा." तेव्हापासून वर्गात माझं नाव निळे सर पडलं आहे. कॉलेजात माझ्याहून अठरा वर्षांनी लहान असलेले सहाध्यायी मला काका म्हणतात, आणि तक्त्याला डिंक लावायची वेळ आली की नेमके काकाच आठवतात.

पण दुकान सोडल्याचा पश्चात्ताप नाही, हे आधी सांगून टाकतो. बायका कापड निवडत असायच्या तेव्हा त्यांची कंटाळलेली पोरं मी चिंध्यांचे बोळे करून खेळवायचो, आणि मालक ओरडायचे की गिऱ्हाईक आई आहे, पोर नाही. मला मात्र गिऱ्हाईक पोरच वाटायचं. असो.

आता मूळ गोष्ट. शेवटच्या वर्षाचा हा सराव पाठ फार महत्त्वाचा. परीक्षक बाई मागच्या बाकावर बसून गुण देतात. एकदा नापास झालं तर पुन्हा एक संधी, त्यातही पडलं तर वर्ष गेलं. आणि माझ्या वयात वर्ष गेलं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. तू त्या पाठ टाचणाच्या वह्या आयुष्यभर लिहिल्या आहेस. डाव्या रकान्यात शिक्षक काय विचारणार, उजव्या रकान्यात विद्यार्थी काय उत्तर देणार. मला हा उजवा रकाना पहिल्यापासून अजब वाटतो. गिऱ्हाईक काय म्हणेल हे दुकान उघडण्याआधी लिहून ठेवायला आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं! तरी मी लिहिलं. तिसरीचा वर्ग, विषय ओला कपडा वाळतो तेव्हा पाणी कुठे जातं. आणि बाईंच्या समोर उजवा रकाना चुकू नये म्हणून आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत पाच मुलांना पाच उत्तरं वाटून टाकली. पाण्याने, टॉवेलने, दोरीवर, सूर्य, हवेत. ज्याने त्याने आपापलं पाठ करायचं, आणि पाळीपाळीने उभं राहून म्हणायचं. इतकं सोपं.

दुसऱ्या दिवशी 'पाण्याने' आला नाही. त्याचा दात पडला होता. बाकीच्या चौघांना मी पाळी सांगितली होती, कुठल्या प्रश्नाला कुठलं उत्तर ते सांगितलं नव्हतं. मी विचारलं, तोंड कशाने धुता? दुसरा उभा राहून खणखणीत म्हणाला, "टॉवेलने!" पुसता कशाने? "दोरीवर!" मी टाचण सोडलं नाही. ओला टॉवेल कुठे टाकता? "सूर्य!" कोण वाळवतं मग तो टॉवेल? "हवेत!" चौघंही हात पाठीमागे बांधून, छाती काढून, आपापलं काम चोख केल्याच्या आनंदात खाली बसले. आणि मी सर्वांत मोठा प्रश्न विचारला, की पाणी गेलं कुठे, तर वर्गात देण्यासाठी उत्तरच शिल्लक नव्हतं. बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. ताई, त्या क्षणी मला पळून जावंसं वाटलं, खरंच.

तेवढ्यात खिडकीजवळच्या मुलीने हात वर केला. तिला मी कुठलंच उत्तर वाटून दिलं नव्हतं. ती म्हणाली, "सर, मला वाटतं पाणी टॉवेलमध्येच लपतं." चूक उत्तर! पण ते तिचं स्वतःचं होतं. तिच्या शेजारचा म्हणाला, "मग वाळलेला टॉवेल जड लागला पाहिजे." आणि ताई, कापड हातात धरून वजन सांगणं हा माझा धंदा! टाचण बाजूला ठेवलं, एक ओला नि एक कोरडा टॉवेल वर्गात फिरवला, प्रत्येकाने तोलून पाहिला. लपलेलं नाही, एवढं ठरलं. मग गेलं कुठे? सगळे बाहेर आलो, ओले पंजे भिंतीवर उमटवले आणि कुणाचा आधी नाहीसा होतो ते बघत बसलो. उन्हातले गेले, सावलीतले राहिले. भांडणं, आरडाओरडा, शर्यत. मागे वळून पाहिलं तर परीक्षक बाईंनीही आपला पंजा उमटवला होता आणि घड्याळ लावून बसल्या होत्या. घंटा झाली. उत्तर मी सांगितलंच नाही, सांगायचं राहूनच गेलं.

बाईंनी शेरा दिला, पाठ अपूर्ण, पुन्हा घ्यावा. मग विचारलं, मुलांना उत्तरं कुणी दिली होती? मी म्हणालो, मीच. त्या म्हणाल्या, "शेवटचं द्यायला विसरलात, ते बरं झालं." मी नापास होऊन इतका खूश कधीच झालो नव्हतो.

तुझा धाकटा,
निळे सर

ता. क. पंज्यांतले बरेचसे पाण्याचे नव्हते, चिखलाचे होते. त्यामुळे या शाळेच्या मुख्याध्यापकांनी भिंत दाखवून मला पुन्हा वर्ग द्यायला साफ नकार दिला. दुसरा पाठ दुसऱ्या शाळेत घ्यावा लागणार.

ता. क. दुसरा. शाळेचं नाव आजच द्यायचं होतं. मी तुझ्या शाळेचं, तुझ्या तिसरीच्या वर्गाचं दिलं. तुझ्या मुख्याध्यापिकांनी फोनवर हो म्हटलं आणि तुला कळवायचं काम माझ्यावर सोपवलं. येत्या सोमवारी अकरा वाजता बाईंसह हजर होतो. हे पत्र शनिवारी मिळेल, म्हणजे रागवायला तुझ्याकडे पूर्ण रविवार आहे.

ता. क. शेवटचा. मुलांना आधी काहीही सांगून ठेवू नकोस, माझ्यासाठी म्हणूनसुद्धा नाही. लहानपणी तपासणीसाठी साहेब यायच्या आदल्या दिवशी तू माझ्याकडून सगळी उत्तरं घोकून घेतली होतीस. मी पहिला आलो, आणि त्यातलं आज एकही आठवत नाही. सोमवारची मला खूप भीती वाटते, ताई. पण पडलो तरी माझा मी पडेन. तू फक्त मागच्या बाकावर बस.